चार बाटल्या आणि माझे नाक

आमच्या घराण्यात दारू कधी शिरली नाही, असे मी पुष्कळ वर्षे चारचौघांत सांगत आलो आहे. हे विधान खरे नाही. पण ते खोटे कुठे पडते हे सांगण्याआधी चार बाटल्यांची हकीगत सांगितली पाहिजे.

आमचे व्याही दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. गेल्या वर्षी आषाढात ते मुंबईस आले, तेव्हा नेहमीच्या बेदाण्याच्या पुड्याऐवजी त्यांनी पिशवीतून चार बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. दोन पांढऱ्या, एक तांबडी आणि एक इतकी काळपट की आत काढा असावा असे वाटावे.

"भारीतल्या नाहीत हं," ते म्हणाले. "चारी मिळून दोन हजारांच्या आतल्या. पण एकदा चाखून बघा. आमच्या मालाचं पुढं काय होतं, ते सोयऱ्यांना कळू द्या की."

या बोलण्यात थोडा टोमणा होता आणि तो मला पोचला. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला आणि गदारोळ उडाला, तेव्हा ह्याच व्याह्यांच्या देखत मी संस्कृती या विषयावर अर्धा तास बोललो होतो. ते बिचारे ऐकून घेत गप्प बसले होते.

ते गेल्यावर आमच्या हिने पंचांग उघडले. पंधरा दिवसांत श्रावण लागणार. त्यानंतर गणपती, मग पक्षपंधरवडा, मग नवरात्र. "आषाढातच उरकून टाकू," मी सुचवले. "म्हणजे? या वयात गटारी करायची?" असे उत्तर आले. बाटल्या कपाटात गव्हाच्या डब्यामागे गेल्या आणि मुंबईच्या उकाड्यात तीन महिने उभ्या राहिल्या. वाइन थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावी हे मला मागाहून कळले. अंधार तेवढा आम्ही पुरवला होता.

कोजागिरी झाली आणि एका संध्याकाळी मुहूर्त लागला. बूच उपसण्याचा मळसूत्री खिळा मी मुद्दाम विकत आणला होता. पाहतो तो चारांपैकी तीन बाटल्यांना बूचच नाही! खोकल्याच्या औषधासारखे फिरवायचे झाकण. माझा थोडा विरसच झाला. पेले म्हणून कोकम सरबताचे होते तेच घेतले. पांढऱ्या बाटल्या व्याह्यांनी बजावल्याप्रमाणे सकाळपासून फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी, आडव्या पडून होत्या.

पहिली शेनिन ब्लां. बाटलीच्या पाठीवर इंग्रजीत वर्णन होते, त्यात चार फळांची नावे होती आणि त्यांतली दोन मी जन्मात खाल्ली नव्हती. मी घोट घेतला. थंड, किंचित गोड, शेवटी आंबट. एवढेच. एवढ्यासाठी लोक संसार धुळीला मिळवतात? मी दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटून फळे शोधू लागलो. ती काही सापडेनात. ही समोर फोडणीच्या मिरच्या निवडत बसली होती. "आण बघू इकडे," म्हणून तिने पेला नाकाशी नेला आणि ताबडतोब निकाल दिला : "पेरू. पिकून गेलेला. पिशवीत दोन दिवस विसरलेला."

आणि खरोखर तो पेरू होता! त्यानंतर मला दुसरे काही लागेचना.

मग मला धीर आला. दुसरी बाटली सॉव्हिन्यॉ ब्लां. तिच्याविषयी हिचे म्हणणे असे की, ढोबळी मिरची चिरताना देठाशी जो वास येतो तो हाच. मला हा पाणउतारा वाटला. पण व्याह्यांना फोन करून विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, वहिनींचं बरोबर आहे, त्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचं द्रव्य एकच असतं. आंबटपणाचीही तीच गत. द्राक्षातले मुख्य आम्ल टार्टरिक आणि चिंचेतलेही तेच. म्हणजे चिंचगुळाच्या आमटीवर साठ वर्षे पोसलेल्या माझ्या जिभेला ही बया अगदीच अनोळखी नव्हती. उगीच परकी फळे शोधत बसलो होतो.

तांबडी शिराझ प्रथम मला मुळीच आवडली नाही. एक तर ती फ्रिजमध्ये ठेवायची नसते अशा समजुतीने मी ती तशीच कोमट ओतली. मुंबईतली ऑक्टोबरची कोमट म्हणजे जवळजवळ कढतच. अर्धा तास गार केल्यावर ती माणसात आली. घोट गिळल्यावर जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली. यालाच ते जाणते लोक टॅनिन म्हणतात. ते सालीतून आणि बीतून उतरते. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा आत पांढराच असतो. साली त्यात मुरवल्या की रंग चढतो आणि हा गुण येतो. आता, या गुणाला आपल्याकडे तुरट हा किती सरळ शब्द आहे! जांभूळ, आवळा, हिरडा, कच्ची सुपारी, हे सारे आपण तुरट म्हणूनच जाणतो. आयुर्वेदाने तर त्याला कषाय म्हणून सहा रसांच्या पंगतीत मानाचे पान दिले आहे. शिराझच्या घशात उतरत्या चवीत मिरी लागते असे मला स्वतःच्या बुद्धीने वाटले, आणि तेही बरोबर निघाले. मिऱ्याच्या वासाचे द्रव्य त्या द्राक्षाच्या सालीत खरेच असते. त्या रात्री मी थोडा फुशारलो हे कबूल केले पाहिजे.

व्याह्यांनी फोनवर मग आपला विषय काढला. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. फ्रान्सात द्राक्षे उन्हाळ्याअखेरीस खुडतात, तर नाशकात जानेवारी ते मार्च. १९९७ साली गंगापूर धरणाजवळ सुलाच्या राजीव सामंतांनी वाइनची द्राक्षे लावली, २००० साली पहिली वाइन निघाली, २००१ साली सरकारचे धोरण आले, आणि मग आमच्या व्याह्यांसारख्यांनी थोडी थॉमसन काढून ही बारीक, जाड सालीची, बियांची जात लावली. "खायला काही कामाची नाही बघा. बाजारात नेली तर कुत्रं विचारणार नाही. कारखान्यानं घेतली तरच पैसा. अवकाळी आला तर तेही नाही." एवढे बोलून ते उद्या छाटणी आहे म्हणून झोपायला गेले.

राहिली चौथी, ती काळपट. चौघींत सर्वांत स्वस्त. गोव्याकडची पोर्ट वाइन. पोर्तुगालात डोरू नदीच्या खोऱ्यात जी खरी पोर्ट करतात तिच्यात ब्रँडी घालून आंबणे मध्येच थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते. या बाटलीला तो थाट कितपत लाभला होता कोण जाणे. तिच्या झाकणाला मी पिळा दिला आणि वास आला मात्र, पेला तसाच खाली ठेवला.

"दशमूलारिष्ट!" ही आनंदाने म्हणाली. दोन्ही बाळंतपणांत तिने ते महिनोन् महिने घेतले होते. आमच्या सोवळ्या घरात आसवे-अरिष्टे आंबवूनच तयार होतात आणि त्यांत अल्कोहोल आपोआप उपजते, हे बाटलीवर छापलेले असूनही आम्ही कधी वाचले नव्हते. ती हसत होती. मला हसता येईना. माझ्या नाकाला तो दशमूलारिष्टाचा वास नव्हता. तो द्राक्षासवाचा होता.

१९६५ साली आम्ही गिरगावात एका चाळीत राहत होतो. वडिलांचे धाकटे भाऊ शेजारच्याच खोलीत. काका पीत. दारूबंदीचा काळ, पण पिणाऱ्याला ती मिळत असे. संध्याकाळी त्यांची पावले जिन्यावर वाजली की काकू मला हळूच म्हणायची, "जा रे, काकांच्या हातातली पिशवी घे जा." पिशवी हे निमित्त. मी जवळ जाऊन वास घ्यायचा आणि परत येऊन मान हलवायची. आडवी हलली तर ताट मांडले जाई. उभी हलली तर दार लागे. नऊ वर्षांचा मी, आणि माझे नाक चुकत नाही असा माझा लौकिक होता. काकांना हे कळत असणारच. तरी ते पिशवी माझ्या हाती देत आणि कधीकधी फुटाण्यांची पुडीसुद्धा.

एका संध्याकाळी वास वेगळा आला. गोडसर, लवंग-दालचिनीचा, पण तळाशी काहीतरी आंबलेले. मी पायरीवर अडखळलो. त्याच आठवड्यात काकांनी सर्कस दाखवायचे कबूल करून मला नेले नव्हते. मी वर गेलो आणि मान उभी हलवली.

ती रात्र काकांनी गॅलरीतल्या बाकावर काढली. दार वाजवले नाही, एक शब्द बोलले नाहीत. पुढे आठ दिवसांनी, त्यांनी ट्रंकेतून धोतर आणायला सांगितले, तेव्हा आत मला बाटली दिसली. वैद्यांची चिठ्ठी डकवलेली : द्राक्षासव, जेवणानंतर दोन चमचे. ते सोडायचा प्रयत्न करीत होते. मी ट्रंक बंद केली. कोणाला सांगितले नाही. काका पुढे पुन्हा पूर्वीसारखे पिऊ लागले आणि १९८१ साली गेले.

हे सगळे मी त्या रात्री हिला सांगितले. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, त्यांत पहिल्यांदाच. तिने पेला उचलून मोरीत ओतला नाही, झाकण लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? काकूंना सांगा."

काकू आता सत्त्याऐंशी वर्षांची. डोंबिवलीस मुलाकडे असते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन आम्ही गेलो. सून चहा करायला आत गेल्यावर मी सांगून टाकले. वाक्ये पाठ केली होती, ती सारी विसरलो.

काकू चकलीचा तुकडा हातात धरून बसली होती. "मला कळलं होतं रे," ती म्हणाली. "महिन्याभरानं ट्रंक आवरताना सापडली की बाटली."

"मग मला बोलली नाहीस?"

"तुला काय बोलायचं? पोर होतास. दार मी लावलं होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ह्यांनी तरी तोंडानं सांगायचं की नाही? नुसते पाठमोरे बसून राहिले."

मग तिने चकली तोंडात टाकली आणि विचारले, "आणि ही तुझी बाटली? ती कशी लागते?"

"गोड. मागाहून जरा तुरट."

"उरलीय का?"

"आहे, निम्मी."

"मग पुढल्या खेपेस घेऊन ये," काकू म्हणाली. "पिणार नाही मी. नुसता वास घेईन."