पारण्याची अंडी

बदलापूर म्हटलं की बाहेरच्यांना गच्च भरलेली लोकल आठवते, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली उल्हास नदी. पण स्टेशनवरून पश्चिमेला नदीच्या दिशेने आत आलात की जुनं बदलापूर गाव लागतं. शिवकाळात इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं म्हातारी माणसं सांगतात. खरंखोटं देव जाणे. काही कौलारू घरं अजून उभी आहेत. पुढे अंगणात तुळस, मागे पडवी, आणि दोन घरांमध्ये एवढंच अंतर की इकडची फोडणी तिकडे शिंकायला लावते.

मुंबईपासून ६८ किलोमीटरवर घर परवडतं म्हणून माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सणही आले. आमच्या शेजारच्या मावशी मूळच्या वसईच्या. त्यांचे यजमान अंबरनाथला कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर इथे घर घेतलं. घरात मराठीच बोलतात, पण तिला वसईचा असा काही हेल आहे की माझ्या मुलांनी तो हुबेहूब उचलला आहे.

नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो. ईस्टरचं तसं नाही. त्याला ठरलेली तारीखही नाही. साधारण हिशेब असा, की २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे आपल्या पंचांगाशी त्याचं जवळचं नातं बघा! २०२४ साली होळीची पौर्णिमा झाली आणि ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ साली १२ एप्रिलला हनुमान जयंती, आणि २० एप्रिलला ईस्टर. मावशी कॅलेंडर बघतात, मी चंद्र बघते.

आता अंड्यांचं. आमचं घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकत नाही. अंडं घरात येत नसे. ह्यांना खावंसं वाटलं तर स्टेशनजवळच्या गाडीवर खाऊन यायचे आणि घरी येऊन मुकाट्याने चूळ भरायचे. मावशींकडे ईस्टरला अंडी उकडतात, रंगवतात, हे कळल्यापासून सासूबाई त्या दिवशी मागचं दार लावूनच घेत. भांडण नव्हतं, पण दार बंद असे.

ते उघडलं एका प्रश्नाने. एकदा सासूबाईंनी कुंपणावरून विचारलं, "सणाला गोडधोड करायचं सोडून अंडी कशाला हो?" मावशींनी सांगितलं, की राखेच्या बुधवारपासून त्यांचा उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरपर्यंत दिवस भरतात ४६, पण मधले रविवार धरत नाहीत, म्हणून चाळीस. हल्ली नियम पुष्कळ सैल झाले आहेत. मावशी मात्र जुन्या रीतीने मांस, मासळी, अंडी सगळंच सोडतात. पूर्वी युरोपात ह्या दिवसांत अंडी वर्ज्यच होती. पण कोंबड्यांना उपवास कुठला माहीत? त्या घालतच राहायच्या. घरोघरी अंडी साठायची आणि ईस्टरला ती खाऊन उपवास सुटायचा. पुढे त्याला अर्थही जोडला गेला: बंद कवच म्हणजे येशूची कबर, ते फुटतं म्हणजे पुनरुत्थान. ग्रीसमध्ये तर अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पारणंच की हे!"

त्या वर्षीपासून मागचं दार लागलं नाही. आणि मावशींचे यजमान गेले त्या वर्षी, मुलगा परदेशात, मावशी एकट्या, चूलही पेटवायच्या मनात नव्हत्या, तेव्हा सासूबाईच मला म्हणाल्या, "चाळीस दिवस धरलंय तिनं. पारणं चुकू देऊ नकोस. पडवीत शेगडी मांड. भांडी मात्र वेगळी." शनिवारी रात्रीची उपासना आटोपून मावशी अंबरनाथहून उशिरा आल्या, रविवारी सकाळी पडवीत बसून त्यांनी मला सांगितलं आणि मी केलं.

मैत्रिणींनो, अंडं उकडायलाही रीत आहे. अगदी ताज्या अंड्याचं साल नीट निघत नाही, चार-पाच दिवसांचं बरं. गार पाण्यात घालून आच लावावी, उकळी आली की मंद करून दहा मिनिटं. गावठी अंडं लहान असतं, त्याला आठ पुरतात. लगेच गार पाण्यात टाकावं. जास्त उकडलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. खायला काही अपाय नाही, पण दिसतं वाईट. रंगासाठी बाजारातून काही आणू नका. आठ-दहा कांद्यांची सालं पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळून गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्यात पांढरी अंडी उकडा. विटकरी रंग चढतो, मुलं खूश.

रश्श्यासाठी सहा अंडी, दोन बटाटे, दोन कांदे आणि एक नारळ. नारळाचं दाट दूध वाटीभर वेगळं काढा, पातळ दोन वाट्या. कांदा तेलावर मऊ करून आलं-लसूण, हळद आणि दोन चमचे मसाला परता. मावशी बाटलीतला मसाला घालतात. वसईकडे तो उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर टिकतो. नसेल तर आपला रोजचा मसाला चालेल, पण ती चव नाही, हे मी आधीच सांगते. पातळ दुधात बटाटे शिजवा, तीन आमसुलं टाका, अर्धी चिरलेली अंडी बलक वर ठेवून सोडा, आणि दाट दूध शेवटी. नंतर खळखळून उकळू नका, दूध फुटेल.

सासूबाई अर्थातच हे खात नाहीत. त्यांच्यासाठी मावशी मार्झिपानची अंडी करतात. त्यात पुष्कळ घरी अंड्याचा पांढरा भाग घालतात. मावशी आमच्यासाठी तो वगळतात. दोन वाट्या काजूपूड, एक वाटी साखरेचा एकतारी पाक, थोडं गुलाबपाणी. गोळा मळून अंड्याचा आकार द्यायचा. अहो, ही आपली काजूकतलीच! सासूबाई ती देवापुढे ठेवून मग तोंडात टाकतात.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी शाकाहार सोडला नाही, हे मी एकदा दोघींना सांगितलं. मावशींना फार आवडलं. सासूबाई म्हणाल्या, "मग? मनाची होती ती."

अंड्यांचं पातेलं आणि झारा आता पडवीतच खिळ्याला असतात. गेल्या ईस्टरला ह्यांनी घरच्या घरी, उघड्यावर, दोन अंडी खाल्ली. सासूबाई शेजारी बसून मावशींशी वैशाखातल्या पापडांचं बोलत होत्या.