गोमंतकांतील पोर्तुगाल

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं कुलदैवतें गोमंतकांत आहेत. वर्षा-दोन वर्षांनीं सहकुटुंब मंगेशीस किंवा कवळ्यास जावें, अभिषेक, ओटी व महाप्रसाद आटोपावा, आणि उरल्या दिवसांत पणजी व जुनें गोवें पाहून परत फिरावें, हा क्रम अनेक घराण्यांत ठरून गेला आहे. आम्हीहि त्याच वाटेनें गेलों. मात्र जातांना एक प्रश्न मनाशीं धरून गेलों. युरोपच्या अगदीं पश्चिम टोंकाला असलेल्या पोर्तुगालसारख्या लहानशा देशाचा ह्या प्रांतावरील अंमल १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे ४५१ वर्षें टिकला. इंग्रजांचें राज्य पुण्यावर १८१८ पासून १९४७ पर्यंत, अवघीं १२९ वर्षेंच होतें. मग इतक्या दीर्घ सहवासांतून गोमंतकानें गमावलें काय, मिळविलें काय, आणि त्यांतील आज उरलें काय?

प्रारंभ देवळांपासूनच करावा लागतो. आज ज्यांचें आपण फोंडे महालांत दर्शन घेतों, त्यांतील कित्येक देवता मूळच्या तेथल्या नव्हेत. श्रीमंगेशाचें स्थान जुन्या सासष्टी महालांत कुशस्थळीं होतें, शांतादुर्गेचें केळशीस, म्हाळसेचें वेर्ण्यास. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज अधिकारी तिसवाडी, बारदेश व सासष्टी येथील देवळें पाडूं लागले, तेव्हां भाविकांनीं मूर्ति उचलल्या आणि नदी ओलांडून, जेथें पोर्तुगीजांचा अंमल नव्हता अशा अंत्रुज महालांत नेऊन ठेविल्या. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलें. मधला थोडा खंड वगळतां तें १८१२ पर्यंत चालू होतें. ही हकीकत न सांगतां दोन देशांच्या सांस्कृतिक संबंधाच्या गोड गोष्टी सांगणें म्हणजे अर्धें पान फाडून पोथी वाचण्यासारखें होईल.

तथापि त्याच देवळांकडे निरखून पाहिलें म्हणजे दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत येते. पुढें जेव्हां हीं मंदिरें नव्यानें व भव्य प्रमाणावर उभीं राहिलीं, तेव्हां गवंड्यांच्या हाताला चर्चच्या बांधणीचें वळण पडून गेलेलें होतें. अष्टकोनी शिखर, त्यावर घुमट, कमानदार खिडक्या, सभामंडपांत कांचेचीं झुंबरें, आणि पुढें मजल्यामजल्यांची शुभ्र दीपमाळ! ज्यांच्या भयानें देव हलवावे लागले, त्यांचीच बांधणी देवाच्या घरीं निर्धास्तपणें नांदते आहे. घेणाऱ्यानें आपल्या इच्छेनें घेतलेली वस्तु किती सहज आपली होते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं.

विद्येच्या क्षेत्रांतहि असाच दुहेरी व्यवहार दिसतो. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यांतच, सेंट पॉल महाविद्यालयांत सुरू झाला. १६१६ सालीं राशोल येथें फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याचें मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. परक्या मुलखांतून आलेल्या मनुष्यानें आमच्या संतांच्या छंदांत ग्रंथ रचावा, ही लहान गोष्ट नव्हे. आणि त्याच राज्याच्या विजरईनें १६८४ सालीं फर्मान काढून लोकांनीं तीन वर्षांत आपली कोंकणी भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें, असा हुकूम केला! फर्मान कागदावर राहिलें आणि कोंकणी लोकांच्या तोंडीं राहिली.

आतां अर्थकारणाकडे वळूं. पोर्तुगीज येण्यापूर्वींच गोवें बंदर अरबी घोड्यांच्या आयातीसाठीं प्रसिद्ध होतें. घोडदळावर राज्यें चालत, आणि विजयनगरला घोडा ह्याच बाजूनें जाई. अल्बुकेर्कनें १५१० सालीं शहर घेतलें तें ह्या व्यापाराची नाडी हातीं यावी म्हणून. पुढें पोर्तुगीजांनीं ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना काढला. अरबी समुद्रांत गलबत हाकारावयाचें तर हा परवाना जवळ पाहिजे आणि पोर्तुगीज बंदरांत जकात भरली पाहिजे. नाहीं तर माल जप्त. जुन्या गोव्यांतील १६०५ सालचें बॉम जेझूस आणि १६१९ सालीं पुरें झालेलें से कॅथेड्रल पाहतांना मान उंच करावी लागते. परंतु त्या उंचीच्या पायाशीं समुद्रावरची ही वसुलीहि आहे, हें विसरूं नये. १५६५ त राक्षसतागडीच्या लढाईनें विजयनगर मोडलें, सतराव्या शतकांत डचांनीं समुद्रावरील मक्ता मोडला, सांथींनीं शहर ओस पाडलें. लोक हळूहळू पणजीकडे सरकले आणि १८४३ सालीं राजधानीचा मानहि पणजीस मिळाला. आज तेथें बाजार नाहीं, पेठा नाहींत. माडांच्या रायांतून वर डोकावणारे मनोरे तेवढे राहिले आहेत.

त्यानंतरच्या काळाचें वर्णन एका वाक्यांत करावयाचें तर राज्य लिस्बनचें, पण पोट मुंबईचें, असें करतां येईल. मुरगांव बंदरापासून घाटापलीकडे जाणारी आगगाडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाली ती बहुतेक इंग्रजी भांडवलावर. सासष्टी-बारदेशांतील तरुण मुंबईस येऊन आपल्या गांवाच्या ‘कूड’ नांवाच्या वसतिगृहांत उतरत. कोणी आचारी होई, कोणी वादक, कोणी आगबोटीवर खलाशी. आणि त्यांच्या पैशांवर गांवचीं घरें शाकारलीं जात. १९५४ नंतर भारत सरकारनें नाकेबंदी केली, तेव्हां गोव्याच्या बाजारांत बटाटे हॉलंडचे आणि चहा सिलोनचा दिसूं लागला. घाटावरचा माल बंद होतांच सातासमुद्रांपलीकडून बटाटे आणावे लागले, ह्यावरूनच गोव्याची खरी बाजारपेठ कोठें होती तें उघड होतें.

बटाट्याचा विषय निघाला आहे, तर सुगृहिणींनीं क्षणभर आपल्या स्वयंपाकघराकडे दृष्टि टाकावी. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू हीं सारीं अमेरिका खंडांतलीं. आमच्या किनाऱ्यावर तीं बहुतांशीं पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलीं. बटाटा, काजू, अननस हीं नांवें पोर्तुगीज भाषेच्या द्वारेंच आमच्याकडे आलीं. हापूस हें नांव तर ‘अफोन्सो’चें मराठी रूप. एकादशीच्या फराळांतला बटाटा आणि हिरवी मिरची ह्यांचें गोत्र कोणत्या सोंवळ्या आजीबाईनें कधीं विचारलें? जिन्नस गुणाचा निघाला, घरांत आला, उपासालाहि चालूं लागला! शब्दांचेंहि तसेंच. चावी, बटण, इस्त्री, परात, घमेलें हे शब्द घरांत वावरतात. आणि पगार, लिलाव व तुरुंग हे तीन शब्द एका ओळींत मांडले तर जुन्या राजवटीशीं रयतेचा संबंध कसकसा येत असे, ह्याचें चित्रच उभें राहतें.

राज्य गेल्यावरहि देण्याघेण्याचे कांहीं धागे तुटले नाहींत. गोव्यांतील अनेक कुटुंबांनीं बांकु नास्योनाल उल्त्रामारिनु ह्या पोर्तुगीज पेढीकडे सोन्याचे दागिने गहाण ठेविले होते. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें, त्याच्या आधींच हे दागिने लिस्बनला रवाना झाले होते. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९७४ च्या अखेरीस पुन्हां जुळले, तरी दागिने परत येण्यास १९९१ साल उजाडलें. तीस वर्षें! लग्नांत अंगावर घातलेल्या आणि अडचणींत गहाण पडलेल्या पाटल्या-बांगड्यांची ज्या घरांनीं इतकी वाट पाहिली, त्यांतील किती वडीलधारीं माणसें मधल्या काळांत निघून गेलीं असतील, ह्याची कल्पना कोणत्याहि एकत्र कुटुंबांतल्या वाचकास सहज येईल.

दुसरा धागा नागरिकत्वाचा. मुक्तीपूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांना, तसेंच त्यांच्या मुलां-नातवंडांना, जन्माची नोंद लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवितां येतें. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. म्हणून जो तें घेतो त्याला येथलें सोडावें लागतें. तरी हजारों तरुणांनीं तो मार्ग धरला, आणि पोर्तुगालांत न थांबतां पुष्कळ जण इंग्लंडांत कामास गेले. ब्रिटन २०२० सालीं युरोपीय संघांतून बाहेर पडल्यावर ती वाट अरुंद झाली आहे. उलट दिशेचेंहि एक उदाहरण आहे. २०१५ ते २०२४ पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियु कॉश्ता हे गोमंतकीय घराण्यांतले. २०१७ सालीं ते मडगांवच्या आपल्या वडिलोपार्जित घरीं येऊन गेले.

परंतु आमच्या मतें ह्या सर्व अवशेषांत अधिक विचार करण्याजोगा अवशेष कायद्याचा आहे. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता गोव्यांत १८७० पासून लागू झाली. पोर्तुगालनें १९६७ सालीं नवी संहिता आणून ती जुनी बाजूस ठेविली. गोव्यांत मात्र तिचीं तत्त्वें आजहि चालू आहेत. वारशाचे नियम २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यांत घेतले गेले, तरी गाभा तोच राहिला. लग्नापूर्वीं निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक, दोघांची निम्मी-निम्मी. स्थावर विकावयाचें तर दोघांची संमति पाहिजे. मृत्युपत्रानें मनुष्याला आपल्या हिश्शाच्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावतां येते. उरलेला अर्धा मुलांसाठीं राखीव, आणि त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. हिंदूंच्या कांहीं रूढींना १८८० च्या फर्मानानें जागा ठेविली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

आमच्याकडे काय होतें? महाराष्ट्रांत एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला जन्मानें हक्क मिळाला तो १९९४ सालीं, आणि तोहि आधींच लग्न झालेल्या मुली वगळून. सर्व देशभर तो हक्क २००५ सालीं आला. आणि कायदा झाला तरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर बहिणीपुढें हक्कसोडपत्राचा कागद सरकविण्याची चाल अजून गेलेली नाहीं. ती गोव्यांतहि सर्वस्वीं नाहींशी झाली आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. सरकार वांटा ठरवून देऊं शकतें. तो आनंदानें देण्याची बुद्धि मात्र घरांतूनच यावी लागते.

परक्यांनीं बळानें लादलेलें तें काळाच्या ओघांत झडून गेलें, व सोयीचें वाटून आपण उचललेलें तेवढें रुजलें, असा ह्या साडेचार शतकांचा आम्हांस दिसलेला इतिहास आहे. घुमट आपण देवळावर चढविला, मिरची फोडणींत टाकली, बटाटा उपासाला लावला. मुलीच्या समान वांट्याचें तत्त्व कोणत्या गलबतांतून आलें हा प्रश्न गौण आहे. तें न्यायाचें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. घरोघरच्या कर्त्या पुरुषांनीं पुढील वांटणीचा कागद लिहितांना ह्याचा विचार करावा, आणि लेकीबाळींनींहि कोणत्याहि कागदावर सही करण्यापूर्वीं तो पुरता वाचून पाहावा.