तांब्याचा तळ

पहिल्या वर्षाच्या वर्गात तांब्याचा तळ सरळ रेघेनं न संपवणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. तोंड लंबगोल, मान ठीक, पोटाची वळणं बऱ्यापैकी जमलेली आणि खाली पट्टीनं मारल्यासारखी आडवी रेघ. विचारलं की उत्तर तयार असतं, "मॅडम, तांब्या टेबलावर ठेवलाय, मग तळ सपाटच असणार ना?" तर्काला तोड नाही. तांब्या डुगडुगत नाही, म्हणजे तळ सपाट आहेच. पण ही माहिती त्याला तांब्या उचलून, घासून, त्यातलं पाणी पिऊन मिळालेली असते. डाँकीवर बसून समोर बघताना ती मिळत नाही. डाँकी म्हणजे आमचं लाकडी बाक. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि पुढच्या फळीला ड्रॉइंग बोर्ड टेकवायचा.

ही मुलं काही अगदी कोरी नसतात. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेली असते, कुणाला 'ए' ग्रेडही असते. कर्तव्यभूमितीच्या तयारीत टाचण्या आणि दोरा वापरून लंबवर्तुळ काढायला बरेच जण शिकलेले असतात. वस्तुचित्राला बसलं की ते लंबवर्तुळ कुठं जातं कोण जाणे! तांब्याच्या तोंडाची दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार होतात. वरची कमान एका दमात, खालची दुसऱ्या दमात काढली आणि कडेला दोघींची गाठ मारली की असंच होणार. लंबगोलाला कोपरा नसतो, तो कितीही चपटा असला तरी टोकाला वळूनच जातो. शेडिंग मात्र क्लासमध्ये घोटून घेतलेलं असतं. बोटानं, टिश्यूपेपरनं घासघासून तांब्या असा चकचकीत करतात की घरच्यांनी फ्रेम करून लावावा. तो एका बाजूला कललेला आहे हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

म्हणून मी वर्गात एक कडं नेते. काचेची बांगडी नेत नाही, ती हमखास कुणाच्या तरी हातून पडते. एक डोळा मिटायचा, कडं आडवं धरायचं आणि बरोबर डोळ्याच्या उंचीवर आणायचं. गोल नाहीसा होतो, नुसती रेघ उरते. मग कडं तसंच आडवं ठेवून हळूहळू खाली न्यायचं. रेघ फुगायला लागते, तिचा चपटा लंबगोल होतो. आणखी खाली नेलं की तो उघडत जातो आणि कमरेपाशी, मान वाकवून पाहिलं तर जवळजवळ पूर्ण वर्तुळ. डोक्याच्या वर नेलं तरी हाच खेळ, फक्त आता कड्याची खालची बाजू दिसते. कडं तेच आहे, ते डोळ्याच्या किती खाली किंवा वर आहे एवढंच बदललं.

आता तांब्याकडे बघायचं. तोंड डोळ्याच्या पातळीच्या जरा खाली, तळ त्याहून बराच खाली. म्हणजे तळाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा रुंदीनं लहान असला, तरी त्या मानानं जास्त उघडा हवा. सरळ रेघ यायला हवी असेल, तर जमिनीवर पालथं पडून डोळे टेबलाच्या पातळीला आणावे लागतील; नाही, चूक, टेबल उंच आहे, गुडघ्यावर बसलं तरी पुरेल. मुलं खरंच गुडघ्यावर बसून बघतात. बघू द्यावं. त्यानंतर कुणीतरी विचारतंच, "पण तळाचा मागचा भाग तर दिसत नाही." दिसत नाहीच, तरी काढायचा. तांब्या काचेचा आहे असं धरून तळाचा लंबगोल हलक्या हातानं आरपार, पूर्ण काढायचा आणि नंतर त्याचा पुढचा भाग ठळक करायचा. नुसतीच पुढची कमान काढायला गेलं की ती वाटेल तशी हसते.

पुढच्या गोष्टी भराभर येतात. जवळचा अर्धा भाग लांबच्या अर्ध्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून वर्तुळाचा मध्य लंबगोलाच्या मध्यावर पडत नाही. आडव्या पडलेल्या पेल्याच्या तोंडाचा लहान व्यास पेल्याच्या आसाच्या रेषेत असतो. एवढं एक कळलं तरी सायकलची चाकं, ढोलकी, शर्टाची बाही, सगळं सुटायला लागतं.

लंबगोल किती उघडलाय त्यावरून चित्र काढणारा किती उंचीवर होता, हे सांगता येतं. मला या विषयातली ही सगळ्यात आवडती गोष्ट. सबमिशनचे कागद जमिनीवर पसरले की पुढं डाँकीवर कोण होतं आणि मागं ईझलपाशी कोण उभं होतं, ते नावं न वाचता कळतं. वस्तू काढताना आपण आपली जागाही काढत असतो, इच्छा असो नसो. म्हणून पहिल्या दिवशी डाँकीच्या पायांभोवती खडूनं खुणा करायच्या. झाडायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवायचं की खुणा पुसू नका आणि टेबलावरच्या कापडाची घडी सरळ करू नका. त्यांना ते कापड बघवत नाही, हे मला माहीत आहे.

मापंही त्याच जागेवरून घ्यायची. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठ्याची खूण. कोपर जरासं वाकलं की आधीची सगळी मापं फुकट. या मापातून इंच-सेंटिमीटर कळत नाहीत, तांब्याची उंची त्याच्या रुंदीच्या कितीपट आणि टेबलावर शेजारी ठेवलेलं वांगं तांब्याच्या कितवा हिस्सा, एवढंच कळतं. आणि तेवढंच हवं असतं. उभ्या रेषेसाठी दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा पुरतो. गवंड्याच्या मुलाला तो कसा धरायचा हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं.

पूर्वी शिकण्याची सुरुवात वेगळी असायची. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. त्या काळच्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचा पगडा होता. आधी छापील नमुन्यांच्या बाह्यरेषा गिरवायच्या, मग प्लॅस्टरचे पुतळे, मग पुढचं. चित्रकार धुरंधर 1890 मध्ये तिथं शिकायला गेले आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तिथंच शिकवण्यात गेला. त्यांच्या हाताची सफाई बघितली की त्या पद्धतीला सरसकट नावं ठेवायची हिंमत होत नाही. पण छापील नमुन्यावरून काढणं मला आजही पटत नाही. त्यात कुठं बसायचं, डोळा किती उंच ठेवायचा, हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं. प्लॅस्टरच्या पुतळ्याभोवती निदान फिरता तरी येतं.

वर्गातली चलाख मुलं मधूनच चित्रकार सेझानचं नाव काढतात. त्याच्या स्थिरचित्रांत भांड्यांची तोंडं एका उंचीवरून आणि टेबल दुसऱ्या उंचीवरून, असं कुठं कुठं आहे, मग आमच्याच तांब्याला का हटकता? आपल्या लघुचित्रांतही घागरीचं तोंड उघडं आणि बूड सपाट असं पुष्कळदा दिसतं, आणि त्यात काहीही चुकीचं नाही. त्या चित्रकारानं एका जागी बसून काढायचा करारच केलेला नसतो. आपण तो पहिल्या वर्षापुरता केलाय. पुढं मोडायचा तर खुशाल मोडा, पण काय मोडतोय ते ठाऊक असू दे.

सराव कंटाळवाणा आहे आणि त्याला इलाज नाही. जुन्या वर्तमानपत्रावर चारकोलनं, मनगटानं नव्हे तर खांद्यातून हात फिरवत लंबगोलांच्या रांगा. हात आधी कागदाच्या वर हवेत दोनतीनदा फिरवायचा आणि फिरता फिरताच टेकवायचा. खोडरबर मी जप्त करत नाही, पण चुकलेली रेघ पुसायच्या आधी तिच्याशेजारी दुसरी काढ, असं सांगते. पहिली पुसली की दुसरी कशाच्या मानानं बरोबर आहे, ते कळायला आधार उरत नाही. छायेचं काम बरंच नंतर. तेव्हा डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे पितळेवरची सगळी चमचम विरते आणि मोठे दोनतीन उजेड-अंधार तेवढे उरतात. पुढं 2बी की 6बी हा प्रश्न फारसा राहत नाही.

अलीकडे नवी अडचण आलीय. वेळ संपला की मुलं ग्रुपचा, म्हणजे टेबलावर मांडलेल्या वस्तूंचा, फोटो काढतात आणि चित्र घरी पूर्ण करून आणतात. फोटो उभं राहून, फोन डोक्याच्या वर धरून काढलेला असतो, कारण पुढं कुणीतरी बसलेलं असतं. मग तांब्याचं तोंड डाँकीवरून बघितलेलं, तळ फोनमधला आणि शेजारचं वांगं दोघांच्या मध्ये कुठंतरी लोंबकळतंय. मी एवढंच विचारते, "फोन कुठं धरला होतास?" मुलगा चित्राकडे बघतो, मग फोनकडे, आणि हसायला लागतो. शनिवारी स्टुडिओ उघडा असतो, ग्रुप तसाच मांडलेला असतो, आपापल्या डाँकीवर येऊन बसा म्हणते. बहुतेक येतात. लांबून लोकलनं येणाऱ्या एका मुलीनं तांब्याच घरी नेऊ का विचारलं. दिला. फक्त आईला सांगून ठेव म्हटलं, चित्र होईपर्यंत कुणी घासायचा नाही.