दोन सूत

तिफण जवळून बघितलीये का कुणी? नसेल तर थोडक्यात सांगतो. एक जाड आडवं लाकूड, त्याला दिंड म्हणतात. त्यात ठोकलेले तीन फण, त्यांच्यामागे बांबूच्या नळ्या आणि वर बी सोडायचं चाडं. एका फेऱ्यात तीन ओळी. जालना जिल्ह्यात आता बरीच पेरणी ट्रॅक्टरवर होते, लोखंडी यंत्राचा फण पान्याने सरकवता येतो. पण अंबड तालुक्यातल्या माझ्या मामाचं तीन एकर अजून बैलांवरच आहे.

यंदा नवी तिफण करायला टाकली होती. मधल्या फणाचं भोक सुतारबुवांच्या पोराने पाडलं आणि ते दोन सूत तिरकं गेलं. दोन सूत म्हणजे पाव इंच. पण गणित करून बघा. दिंड चार इंच जाड आणि फण त्याखाली सोळा इंच, म्हणजे टोकाशी फरक चौपट, पुरा एक इंच! अठरा-अठरा इंचांऐवजी एकीकडे सतरा, दुसरीकडे एकोणीस.

पेरताना हे कळत नाही. कळतं पुढे कोळपणीला. कोळप्याची पास एकाच रुंदीची, त्यामुळे अरुंद ओळीत सोयाबीनची मुळं तुटतात आणि रुंद ओळीत तण राहतं. तेही प्रत्येक फेऱ्यात. आमच्या भाषेत, लूपमधला बग.

बुवांनी सुतळी लावून मापलं, तेव्हा हे सापडलं. तोवर पाऊस पडून गेलेला, वाफसा दोन-तीन दिवसांचा. दुसरी दिंड करायला वाळलेली बाभूळ हाताशी नाही, आणि ओली वापरली तर ती सुकताना आकसते, फण ढिले होतात. मामाची घाई.

"बुवा, वरून एक पाचर ठोका अन् द्या."

"ठोकतो की. पहिला धोंडा लागला की फण जाईल पुन्हा जागेवर. मग मला शिव्या घालताल."

मग पोरालाच पटाशी दिली. ज्या बाजूला फण हलवायचा, ती बाजू त्याने आरपार ताशीव करून सरळ केली. उलट्या बाजूला जी फट पडली, तिच्यात त्याच जुन्या बाभळीची पाचर, भोकाच्या पूर्ण खोलीची, वर जाड खाली निमुळती. रेषा उभ्या. लाकूड तेच असलं की फुगणं-आकसणंही बरोबरीने होतं. भुसा आणि डिंक भरून दिसायला छान झालं असतं, पण फणाला दिसण्याशी काय घेणंदेणं? :)

पुन्हा सुतळी. एकीकडे अठराला एक सूत कमी, दुसरीकडे एक सूत जास्त. पोरगं परत पटाशी उचलायला लागलं.

"राहू दे," बुवा म्हणाले. "बैल याच्यापेक्षा जास्त झुलतो. अजून कोरलंस तर दिंडच चिरंल."

मामा तोपर्यंत गोठ्यातून बैल सोडून घेऊन आला होता.