गाजर गवताची खाज आणि सफमधली रिकामी जागा

पाऊस झाला की औशात रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या बांधावर, शाळेच्या मैदानात गाजर गवत कमरेइतकं वाढतं. मूळचं अमेरिका खंडातलं हे झाड १९५० च्या दशकात पुण्यात आढळलं आणि मग देशभर पसरलं.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा शेतमजुरी करतात. त्यांचा चेहरा, मान, कोपरांचे खळगे काळवंडून जाड झालेत. परवा जुम्म्याच्या नमाजला त्यांच्या शेजारी कुणी खांद्याला खांदा लावून उभं राहिना. "लागण होईल," कुणीतरी पुटपुटलं. चाचा मला म्हणाले, "मास्टरसाब, तीस वर्षं हेच गवत उपटलं. मग आत्ताच का?"

प्रश्न बरोबर आहे. या गवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते कातडीतल्या प्रथिनाला चिकटलं की शरीराला परकं वाटतं, म्हणजे प्रतिजन होतं. मग रक्तातल्या टी पेशी त्याची ओळख धरून ठेवतात. ही ओळख पटायला कधी आठवडे लागतात, कधी वर्षं. एकदा पटली की ती सहसा जात नाही.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याच्या अंगावर काही मिनिटांत गांधी उठतात. ते काम प्रतिपिंडांचं. इथे मात्र पेशींना त्या जागी येऊन जमावं लागतं, म्हणून एक-दोन दिवस जातात. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी अशा ॲलर्जीच्या गिनीपिगमधल्या पेशी दुसऱ्या गिनीपिगला टोचल्या, तेव्हा त्यालाही ॲलर्जी आली. नुसत्या रक्तद्रवाने ती आली नाही.

या उशिरामुळेच माणूस फसतो. खुरपणी सोमवारी, खाज बुधवारी, आणि दोष मंगळवारच्या वांग्याला!

आणि लागण? गिनीपिगलासुद्धा पेशी टोचाव्या लागल्या. खांद्याला खांदा लागून हा आजार कुणाला होत नाही.

तेव्हा गवत फुलावर येण्याआधी उपटा, पण हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. वाळलेल्या गवताची धूळही बाधते, म्हणून काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा. चट्टे उठले तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते काम दुसऱ्याला द्या. श्रमदानाच्या नावाखाली मुलांना उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावू नका. आणि येत्या जुम्म्याला चाचांच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका.