घाटाखालची गाडी

नकाशात कोयना नदी पाहिली की तिचा स्वभाव मोठा चमत्कारिक वाटतो. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीच्या कडेकडेने सरळ दक्षिणेला वाहत येते, आणि हेळवाकपाशी आल्यावर, घरी काही विसरल्याची आठवण व्हावी तशी, एकदम काटकोनात पूर्वेला वळते. पुढे पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते आणि दोघी बंगालच्या उपसागराची लांबची वाट धरतात. माणसाने मात्र तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण बांधून तिचे पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेले. ते पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चाके फिरवते आणि काम झाले की वासिष्ठीतून अरबी समुद्राला जाऊन मिळते.

याच हेळवाकवरून कराड-चिपळूण रस्ता कुंभार्ली घाटात शिरतो. हा घाट पाहायचा तर पावसाळा सरता सरता पाहावा. वर कड्यांवर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, खाली भात पिकायला आलेले असते, आणि मधल्या दरीत सकाळचे धुके रेंगाळत असते. मी हा घाट नेहमी एस.टी.ने उतरतो आणि शक्य तर चालकाच्या मागची जागा पकडतो. निसर्गशोभा खिडकीतून कोणालाही दिसते. मला चालकाचा डावा हात पाहायचा असतो. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा दंडक. उतारावर सगळा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापून निकामी होतात. गाडीला इंजिनाने धरून ठेवावे लागते. वळणाआधी तो हात दांड्यावर येतो, दांडा खाली जातो, इंजिन हुंकारते आणि चाळीस-पन्नास माणसे घेतलेला तो लोखंडी पसारा शहाण्या बैलासारखा पाय रोवून उतरू लागतो. त्या हाताने मागितलेला गिअर पडलाच नाही तर काय होईल, याचा विचार प्रवाशाने सहसा करू नये.

मला तो यंदा करावा लागला, त्याचे कारण माझी आत्या.

घाट संपल्यावर शिरगावच्या बाजूला एका वाडीत आत्या आणि आतोबा राहतात. आतोबा कोयना प्रकल्पावर नोकरीला होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि कोयनानगरच्या वसाहतीत झोपलेले होते. त्या पहाटेबद्दल ते फारसे बोलत नाहीत. पुढची सगळी नोकरी त्यांनी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात यंत्रांच्या आवाजात काढली. त्यामुळे कानाला थोडे कमी येते. हाताला मात्र सगळे ऐकू येते. पंप बिघडला तर ते आधी त्यावर तळवा ठेवून स्वस्थ बसतात. शेजारच्या पोरांना वाटते, आजोबा मंत्र घालताहेत.

२००३ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी मारुती ८०० घेतली. ही गाडी आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली पहिली गाडी. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती तिच्या किल्ल्या पडल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत मध्यमवर्गाने तिच्यातून काय काय नेले नाही! नवरी नेली, गॅसची टाकी नेली, आंब्याच्या पेट्या नेल्या, आणि चौघांच्या जागेत सात माणसे तर नेहमीच नेली. आतोबांच्या गाडीने आणखी एक काम केले. वाडीत रात्रीबेरात्री कोणाला कळा सुरू झाल्या, कोणाला पान लागले, की तीच गाडी निघायची. पान लागले म्हणजे साप चावला. कोकणात त्या प्राण्याचे नाव रात्री घेत नाहीत.

गेल्या दोन वर्षांपासून तिला नेमाचे काम लागले आहे. आत्याचे मूत्रपिंड निकामी झाले आणि मंगळवार-शुक्रवार चिपळूणला डायलिसिसला जाणे आले. चार तास यंत्रावर, शिवाय जाणे-येणे. आतोबांचे वय आता ऐंशी; डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचे गाडी चालवणे बंद केले आहे. शेजारची सून गाडी चालवते. ती याच गाडीवर, आतोबांच्या ओरडण्याखाली शिकली.

पावसाळ्यात दांडा ढिला पडू लागला. आधी न्यूट्रलमध्ये तो डावी-उजवीकडे डुलू लागला. मग दुसरा गिअर शोधावा लागे. भाद्रपदात एकदा पिंपळीच्या पुढे तिने दुसरा टाकला तो पडला चौथा. गाडी आचके देऊन बंद पडली आणि मागून ट्रक करकचून थांबला. आत्या मागच्या बैठकीवर होती. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, पण पुण्याच्या मुलाला बातमी पोचली. माझा आतेभाऊ गुणी आहे. त्याचे म्हणणे रास्तच होते: गाडी विका, घराला कुलूप लावा, पुण्याला या, केंद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे. चिपळूणच्या एका गॅरेजवाल्याने त्याच्या म्हणण्याला जोर दिला. दांड्याचे अख्खे प्रकरणच बदलावे लागेल, जुन्या गाडीचा माल मिळत नाही, गाडी आठवडाभर ठेवून जा, असे त्याने सांगितले. आठवडाभर म्हणजे दोन डायलिसिस!

"गाडीला काही झालेले नाही," आतोबा म्हणाले. "हात सांगतो ते खालपर्यंत पोचत नाही, एवढेच."

मी शनिवारी पोचलो तो त्यांनी सगळी तयारी करून ठेवलेली. शेजारच्या सुनेने शुक्रवारीच चिपळूणच्या बाजारातल्या एका छोट्या दुकानातून बुशचा संच आणला होता. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्या बाजारात पाणी कुठवर चढले होते ते दुकानदाराने भिंतीवर रंगाने आखून ठेवले आहे. रेघ तिच्या डोक्याच्या वर होती, असे ती म्हणाली. संचाची किंमत म्हणाल तर दोन माणसांनी हॉटेलात मिसळ खाल्ली तर जेवढी होईल तेवढी.

आता हे बुश म्हणजे काय? मारुतीचे इंजिन पुढे आडवे बसवलेले आणि गिअरची पेटी त्याच्याच शेजारी. दांडा मात्र दोन बैठकींच्या मध्ये. हाताचा हुकूम गाडीच्या पोटाखालून एका लांब सळईने पुढे न्यावा लागतो. सळईच्या टोकांना सांधे, सांध्यांत बोल्ट, आणि बोल्ट व लोखंड यांच्यामध्ये बोटाच्या पेराहूनही लहान अशी नायलॉनची किंवा रबराची नळी. तोच बुश. लोखंडाने लोखंड झिजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. दुसरी एक सळई दांड्याची बैठक गिअरपेटीशी बांधून ठेवते, म्हणजे इंजिन थरथरले तरी दोघांतले अंतर बदलत नाही. तिलाही रबर असते. जवळूनच धुराची नळी जाते. तिच्या धगीने रबर कडक होते, वरून चिखलपाणी आहेच. खाली सुतभर पोकळी पडली की वर मुठीपाशी दांडा चार बोटे डुलतो.

एवढे सगळे आतोबांनी मला चित्र काढून समजावले. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अरे, जात्याचा खुंटा सैल झाला की चिंधी गुंडाळून ठोकतात ना? ती चिंधी गेलीय." मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवून मला बुशला याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

दोष क्लचचा नाही हे आतोबांनी आधीच पारखले होते. क्लच बिघडला असेल तर इंजिन बंद असताना गिअर निमूट पडतात आणि चालू केल्यावर करकरतात. इथे इंजिन बंद असतानाही दांडा तसाच डुलत होता. मी खाली वाकून पाहिले, सुनेने वर दांडा हलवला. दांडा हलला आणि सळई थोडा वेळ जागच्या जागीच राहिली. नवा आलेला नोकर हाक ऐकूनही क्षणभर उभा राहतो, तशी.

रविवारी सकाळी गाडी उचलली. अंगणात जांभ्याचे चिरे रचलेले होते, ते मी टेकूला घेऊ लागलो तर आतोबा ओरडले. चिरा दिसायला दगड, पण भाराखाली कधी भुगा होईल सांगता येत नाही. त्यांनी फणसाच्या लाकडाचे चार जाड ठोकळे काढले. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी मारल्या, पुढून जॅक लावला आणि भार ठोकळ्यांवर आल्यावर गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाणाऱ्याला त्यांच्या अंगणात मज्जाव आहे.

खाली मी शिरलो. आतोबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. बारा नंबरचा पाना लावला तो बोल्ट गंजून एकजीव झालेला. कोकणच्या हवेत लोखंड मिठासारखे वागते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते म्हणून बरे; तरी अर्धा तास गेला. "ओढू नको, झटका दे. उलटा नाही रे, आधी थोडा आवळ, मग सोड." आवळल्यावर गंजाची पकड मोडली आणि बोल्ट कुरकुरत फिरला. जुना बुश बाहेर आला तो अक्षरशः चुऱ्याच्या रूपात. एका बाजूचा तर नव्हताच.

नवा आत जाईना. आतोबांनी आत्याला हाक मारली आणि आत्याने चहाच्या भांड्यात उकळते पाणी आणून दिले. नायलॉन दोन-तीन मिनिटे त्यात ठेवले की मऊ पडते. मग बोल्टच्या दोन्ही बाजूंना वॉशर लावून, पाना हळूहळू फिरवत, तो बुश सरळ घरात ओढून घ्यायचा. हातोडा मारायचा नाही. तिरका बसला की फुटतो. नायलॉनला ग्रीस चालते, रबराला साबणाचे पाणी; खनिज तेलाने रबर फुगते. ही गोष्ट मी डायरीत लिहून ठेवली आहे, का कोण जाणे. चहाचे ते भांडे आता गॅरेजचे झाले, असे आत्याने जाहीर केले आणि नव्या भांड्याचे पैसे तिथल्या तिथे मागितले.

दुपारी सळई जोडून झाली. गाडी खाली उतरवण्याआधी आतोबा खुर्चीवरून उठले, दार उघडून आत बसले आणि इंजिन बंद ठेवूनच त्यांनी सगळे गिअर एकेक करून टाकले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मागचा. पुन्हा उलट क्रमाने. डोळे मिटलेले होते. आत्या निवडायचे थांबून पाहत होती. दोन वर्षांत ते त्या जागेवर बसले नव्हते.

संध्याकाळी सुनेने गाडी घाटात वरपर्यंत नेली आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरवून आणली. तिला पटल्याशिवाय आत्याने बसायचे नाही, असे आतोबांनीच ठरवले होते. ती खाली उतरून एवढेच म्हणाली, "आजोबा, आता बघावं लागत नाही. हात जातो तिथे पडतो."

पुण्याचा प्रश्न काही सुटलेला नाही. आत्याचे दंड सुयांनी काळेनिळे झाले आहेत, आतोबांची नजर मंदावते आहे, आणि शेजारच्या सुनेला नोकरी लागली तर काय, हे कोणीच बोलत नाही. दिवाळीला आतेभाऊ येणार आहे. बोलणी व्हायचीच आहेत.

मंगळवारी सहाला गाडी निघाली. मी कराडची पहिली एस.टी. पकडायला फाट्यावर जाण्याच्या तयारीत ओसरीवर उभा होतो, तेवढ्यात पुण्याहून फोन आला. आतोबांनी तो कानापासून वीतभर लांब धरला, त्यामुळे मलाही ऐकू आले.

"अण्णा, गाडीचं काय केलंत?"

"गाडी होय?" आतोबा म्हणाले, "ती आईला घेऊन चिपळूणला गेलीय. दुपारनंतर कर फोन."