खोली

१९७९ च्या मे महिन्यात मुंबईचे काका मिरजेला आले, ते व्ह्यू-मास्टर घेऊन. माजघरात आम्ही सहा भावंडं ओळीनं बसलो. मी सात वर्षांची, शेवटून दुसरी. लाल रंगाचा तो डबा एकेकाच्या हातात जायचा आणि जो डोळ्याला लावेल तो ‘अय्या!’ म्हणायचा. माझ्या चुलतभावानं तर समोर हात पुढे करून हवेतच काहीतरी चाचपलं. आत घालायच्या गोल चकतीवर बोटाच्या पेराएवढ्या चौदा फिल्मा होत्या, म्हणजे सात दृश्यांच्या सात जोड्या. कडेचा खटका खाली ओढला की चकती एक घर पुढे सरकायची.

काका म्हणाले, “हा नुसता फोटो नव्हे. या चित्राला खोली आहे.”

मला तोवर खोली एकच माहीत होती, चार भिंतींची, दाराची, खुंटीला शर्ट टांगलेली. माझी पाळी आली. समोर ताजमहाल होता. मी त्यात खोली शोधू लागले. पाण्याच्या कडेनं बघितलं, कमानींत बघितलं, खटका ओढून पुढची दृश्यं बघितली. सगळी छान होती, रंगीत होती आणि सगळी कॅलेंडरावरच्या चित्रासारखी सपाट होती. “दिसली का?” काकांनी विचारलं. मी म्हटलं, “हो, दिसली.”

ते खोटं मी पुढची आठ वर्षं सांभाळलं. शाळेत चेंडू झेलता यायचा नाही, सुईत दोरा ओवताना तो सुईच्या बाजूनं निघून जायचा, आईला चहा ओतून देताना धार कपाच्या कडेवर पडायची. घरात सगळे ‘धांदरट’ म्हणायचे आणि मलाही ते पटलं होतं.

दहावीत नेत्रतपासणी झाली. डॉक्टरांनी माझा उजवा डोळा पुठ्ठ्यानं झाकला आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं उरलं, तेही धुरातून दिसावं तसं. मी पंधरा वर्षांची होते आणि तोवर माझा डावा डोळा मीच कधी एकटा वापरून पाहिला नव्हता. डॉक्टरांनी नाव सांगितलं, आळशी डोळा. तिरळेपणा असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. माझ्या दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक होता. मेंदूनं स्वच्छ चित्र तेवढं घेतलं, अंधुक चित्राकडे दुर्लक्ष केलं आणि वाढीच्या वयात ती सवय कायमची होऊन बसली. शंभरात दोघातिघांना हे असतं. चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्या डोळ्याला कामाला लावायचं, हा त्यावरचा उपाय. पण तो लहानपणी, साधारण सातव्या वर्षाच्या आत सर्वांत नीट लागू पडतो. व्ह्यू-मास्टर आला ते माझं सातवं वर्ष होतं.

टांग्यातून परतताना आई स्टेशनपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी कधी झाकूनच बघितलं नाही गं.” पुढेही कधीमधी, पोळ्या लाटता लाटता, ती हे एकच वाक्य बोलायची.

काकांच्या खोलीचा अर्थ मला नंतर पुस्तकांतून कळला. दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं, म्हणून दोघांना जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली रचतो. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये हे दाखवून दिलं. दोन आरशांच्या यंत्रात त्यानं दोन सपाट रेखाचित्रं ठेवली आणि बघणाऱ्याला त्यांतून एक घन आकृती उभी राहिलेली दिसली. व्ह्यू-मास्टर १९३९ चा, पण त्याचं कूळ हेच. त्या घराण्यातल्या प्रत्येक यंत्राची पहिली अट एकच, दोन धडधाकट डोळे.

माझ्यापुरती खोली कुठून यायची, तेही तेव्हाच उमगलं. मिरज-पुणे प्रवासात मी कायम खिडकीपाशी बसायचे. रुळाजवळचे तारांचे खांब भर्रकन मागे पळायचे, उसाची शेतं सावकाश सरकायची आणि लांबचे डोंगर आमच्याबरोबरच यायचे. जवळचं वेगानं हलतं, दूरचं हळू. आपण हललो की जग आपली खोली आपणहून सांगतं आणि त्याला एक डोळा पुरतो. मी जिना उतरताना मान किंचित हलवायची, रस्ता ओलांडताना एक पाऊल मागे-पुढे करायची. ते धांदरटपण नव्हतं. माझं शरीर त्याच्या परीनं अंतरं मोजत होतं. जगात माझं अडलं नाही. अडलं ते चित्रांत, कारण चित्रापुढे मान कितीही हलवली तरी चित्र तेच राहतं.

१९९८ मध्ये मी सहा वर्षांच्या भाच्याला ‘छोटा चेतन’ दाखवायला नेलं. मूळ ‘माय डिअर कुट्टीचातन’ हा मल्याळम चित्रपट १९८४ चा, भारतातला पहिला थ्रीडी. त्यात एका गाण्यात मुलं खोलीच्या भिंतीवरून चालत छतावर जातात. त्यासाठी अख्खी फिरती खोली बांधली होती. आम्ही दोघांनी चष्मे चढवले. पडद्यावरून काहीतरी पुढे आलं आणि भाच्यानं ते धरायला हात लांबवला, अगदी माजघरातल्या त्या चुलतभावासारखा. “मावशी, धर ना!” तो ओरडला. मीही हात पुढे केला. त्याच्या हाताच्या शेजारी, अंदाजानं.

पुढे त्यानंच पुठ्ठ्याचा एक डबा आणला. गुगलनं २०१४ मध्ये काढलेला, आत मोबाईल ठेवायचा, समोर दोन भिंगं. मान वळवली की दृश्य वळायचं, ही मोठीच गंमत होती. पण मी पुढे झुकले, कडेला सरकले, तरी दृश्य जागचं हललं नाही. त्या डब्याला मान वळलेली कळत होती, डोकं सरकलेलं कळत नव्हतं. मला वळण्यापेक्षा सरकणं हवं होतं. मी डबा परत केला.

गेल्या दिवाळीत पुण्याला त्याच्या घरी गेले, तर त्यानं क्वेस्ट ३ नावाचा, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट समोर ठेवला. “मावशी, चष्म्यावरूनच बसेल,” म्हणत त्यानं मागचा पट्टा सैल केला. मी नको म्हणत होते. अशी तीन यंत्रं आयुष्यात आली की चौथ्याची आशा धरवत नाही. पण तो बत्तीस वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या चेहऱ्यानं उभा होता.

हेडसेट चढवला आणि मला त्याचीच बैठकीची खोली दिसली. सोफा, फराळाचं ताट, खिडकीतला आकाशकंदील. बाहेरच्या बाजूचे कॅमेरे टिपतात ते आतल्या पडद्यांवर येतं. संध्याकाळच्या उजेडात चित्र दाणेदार होतं आणि हात डोळ्यांजवळ नेला की त्याच्या कडेची हवा पाण्यासारखी हलायची. मी खोलीभर नजर फिरवली तशी भिंतींवर, सोफ्यावर त्रिकोणांची जाळी चढत गेली. यंत्र खोलीची मापं घेत होतं. मग छताला भगदाड पडलं, एक छोटं यान सतरंजीवर उतरलं आणि समोरच्या भिंतीचा एक तुकडा ढासळला. भिंतीपलीकडे कुठलातरी परका ग्रह होता, सुळके आणि आभाळ.

“मावशी, जरा डावीकडे सरक,” भाचा म्हणाला.

मी सरकले. भोकाच्या उजव्या कडेमागे दडलेला एक सुळका बाहेर आला. उजवीकडे सरकले, तो पुन्हा लपला. भिंतीची फुटकी कड भरकन हलत होती, मधले दगड सावकाश आणि लांबचे सुळके जवळजवळ स्थिर. रुळाजवळचे खांब, ऊस, डोंगर. मी वाकले, मान तिरकी केली, यानाच्या मागे जाऊन त्याची दुसरी बाजू पाहिली. मी जे जे विचारत होते त्याला ते चित्र उत्तर देत होतं. मग मी डावा डोळा गच्च मिटला आणि पुन्हा सरकले. खोली तशीच होती. आयुष्यात पहिल्यांदा एका चित्रानं मला दुसऱ्या डोळ्याचा दाखला मागितला नाही. मी भोकात हात घातला आणि “दिसली” म्हणाले. भाच्याला वाटलं, मी यानाबद्दल बोलतेय.

मला दोन डोळ्यांची दृष्टी आली असं नाही. सुझन बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बाईंना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांच्या व्यायामांनंतर ती आली. तसं काही माझ्या बाबतीत घडलं नाही आणि मी त्याची वाटही पाहत नाही. अर्ध्या किलोचं ते ओझं पंधरा मिनिटांनी गालांवर वळ उमटवून गेलं. त्यातून दिसणारा भाच्याचा चेहरा मला पुरेसा वाटला नाही, तो बघायला मी हेडसेट काढलाच. रोजच्या घरात मी हे यंत्र वापरणार नाही. पण त्या रात्री झोप लागेना. आई असती तर तिला उठवून सांगितलं असतं.

अशाच हेडसेटवर आता आळशी डोळ्याचा उपचारही होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी ल्युमिनोपिया नावाच्या उपचाराला मान्यता दिली. मुलं आपल्या आवडीचे कार्यक्रम बघतात आणि चांगल्या डोळ्याला चित्र मुद्दाम फिकं दाखवलं जातं, म्हणजे दुबळ्याला काम करावंच लागतं. वयाची अट इथेही आहेच. आणि आधी दोष कळावा लागतो, त्याला कुठलंच यंत्र लागत नाही.

तुमच्या घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल, तर आज त्याला मांडीवर घ्या, एक डोळा तळव्यानं हलकेच झाका आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र ओळखायला सांगा. मग दुसरा झाका. एका बाजूला ते चुकलं, किंवा तुमचा हात ढकलू लागलं, तर लाड समजू नका. आणि दोन्ही डोळ्यांनी नीट ओळखलं, तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्याच.